घर नसलेल्या बाईचे ताट

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे इथे १४ नोव्हेंबर १९४८ रोजी अभिमान साठे नावाच्या गुराख्याच्या घरी एक मुलगी जन्मली. नकोशी म्हणून घरात तिला ‘चिंधी’ म्हणत. पुढे सगळा महाराष्ट्र तिला सिंधुताई सपकाळ म्हणून, ‘माई’ म्हणून ओळखू लागला. २०२१ साली तिला पद्मश्री जाहीर झाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. अनाथांची माय म्हणून तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले, सिनेमाही निघाला. पण त्या कार्याच्या आधीची काही वर्षे अशी होती, की ती स्वतःच बेघर होती, उपाशी होती आणि तिच्या कडेवर तान्हे मूल होते. त्या वर्षांकडे आपण हळहळून पाहतो आणि पुढे जातो.

या आढाव्याचा विषय ती वर्षेच आहेत. आज एखाद्या बाईवर तशीच वेळ आली, तर तिच्या पोटात अन्न कुठून पडेल? कायदा तिला काय देतो, योजना काय देतात, समाज काय देतो? अन्नाच्या योजना महाराष्ट्रात थोड्या नाहीत. तरीही मला दिसते ते असे, की यातल्या बहुतेक योजना आधी घर विचारतात आणि मग वाढतात. बायको, सून, आई, विधवा अशा कुठल्या तरी नात्याने बाई कागदावर असेल तर तिला वाटा मिळतो. ते नाते तुटले आणि घराचे दार बंद झाले, की नेमक्या त्याच दिवशी वाटाही बंद होतो.

रेल्वे फलाटावरची भूक

सिंधुताईंचे लग्न लहानपणीच सेलू तालुक्यातल्या नवरगावी झाले. गावातल्या बाया जंगलात शेण गोळा करत, पैसे मात्र दुसराच कुणी घेई. त्या मजुरीसाठी सिंधुताई बोलल्या आणि बायांच्या बाजूने निकालही मिळवला. त्याचा सूड म्हणून त्यांच्या चारित्र्यावर चिखल उडवला गेला. दिवस भरत आलेले असताना नवऱ्याने मारून घराबाहेर काढले. १४ ऑक्टोबर १९७३ रोजी गाईच्या गोठ्यात त्यांनी मुलीला जन्म दिला आणि नाळ दगडाने ठेचून तोडली, असे त्या भाषणांतून सांगत. माहेरी गेल्या, तर तिथेही आसरा मिळाला नाही.

मग रेल्वे स्टेशने, गाड्या आणि गाणी म्हणून मागितलेली भीक. मिळालेले अन्न त्या फलाटावरच्या इतर भिकाऱ्यांत वाटून खात आणि त्यामुळेच त्या लोकांनी आपल्याला सांभाळून घेतले, हे त्या आवर्जून सांगत. रात्री मात्र फलाटावर पुरुषांची भीती. म्हणून त्या स्मशानात जाऊन झोपत, कारण रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. मृताच्या नावाने ठेवलेले पीठ मळून चितेच्या निखाऱ्यावर भाजलेली भाकर हा त्यांच्या भाषणातला सर्वांत अंगावर येणारा प्रसंग.

या प्रसंगातून आपल्या विषयाचा गाभा हाती लागतो. बेघर बाईच्या भुकेला तीन पदर असतात. एक, अन्न नाही. दोन, धान्य मिळाले तरी शिजवायला चूल नाही आणि ठेवायला डबा नाही. तीन, जिथे अन्न मिळते तिथे रात्र काढणे धोक्याचे. दिवसा फलाटावर मिळालेली भाकर आणि रात्री स्मशानात शोधलेला निवारा या एकाच गरजेच्या दोन बाजू आहेत. ज्या योजनेने यातला एकच पदर धरला, ती योजना या बाईपर्यंत पोचली नाही.

दुष्काळांनी शिकवलेले

महाराष्ट्रात अन्नछत्राची परंपरा जुनी आहे. १८७७च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे चालवली आणि धनकवडीला ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ काढून उपाशी मुलांना जेवू घातले. त्या दुष्काळाबद्दल सावित्रीबाई फुल्यांनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याआधी १८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा नाडलेल्या विधवेला बाळंतपण, जेवण आणि गुप्तता एकाच छपराखाली मिळाली. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी समज होती.

१८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. वर्धा तेव्हा त्याच प्रांतात होता. सरकारी अन्नछावण्यांमध्ये आणि अनाथगृहांमध्ये अन्न होते, पण तरुण मुली आणि विधवा तिथे सुरक्षित नव्हत्या, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. म्हणून त्यांनी अशा सुमारे तीनशे मुलींना केडगावला आणले, तिथे त्यांना राहायला जागा, शिक्षण आणि काम दिले. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा धडा आजच्या कुठल्याही योजनेच्या पहिल्या पानावर लिहावा असा आहे.

विदर्भात गाडगे महाराजांनी भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा या गोष्टी देवळातल्या पूजेपेक्षा वर ठेवल्या, आणि यात्रेच्या गावी धर्मशाळा व सदावर्ते उभारली. नंतर १९७२चा दुष्काळ आला. मिलो नावाची ज्वारी, सुकडी हा कोरडा खाऊ आणि खडी फोडायची कामे ही त्या दुष्काळाची आठवण जुन्या माणसांना अजून आहे. मे १९७३मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती आणि त्यांत बायांचा वाटा मोठा होता. याच अनुभवातून रोजगार हमी योजना कायद्यात आली. तरी लक्षात घ्या, सिंधुताई घराबाहेर काढल्या गेल्या त्या याच १९७३ साली. कामाच्या बदल्यात मजुरी देणारी एवढी मोठी व्यवस्था उभी होती, पण ओली बाळंतीण खडी फोडू शकत नव्हती आणि ती व्यवस्था प्रामुख्याने काम करू शकणाऱ्यांसाठी होती.

कायद्याने दिलेले आणि कायद्यातून गळलेले

अन्नाचा हक्क न्यायालयात पहिल्यांदा ठामपणे उभा राहिला तो २००१ साली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी आदेश दिले. २ मे २००३ च्या आदेशात आधार नसलेल्या विधवा आणि एकट्या स्त्रिया, निराधार गरोदर व स्तनदा माता, निराधार वृद्ध यांना सर्वांत गरिबांसाठीच्या अंत्योदय योजनेत घ्यायला सांगितले. एकट्या बाईचे नाव अन्नाच्या यादीत स्वतंत्रपणे आले, ते या आदेशाने.

त्यानंतर २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४पासून लागू आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत आहे. कलम ४ प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून आहार देते. कलम १३ प्रमाणे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ स्त्रीचे नाव लागते. बाईच्या बाजूने लिहिलेला हा कायदा आहे, यात शंका नाही.

पण या कायद्याच्या २०११च्या विधेयकात आणखी दोन तरतुदी होत्या. निराधाराला दिवसातून एकदा मोफत जेवण आणि बेघरांना सामुदायिक स्वयंपाकघरातून परवडणाऱ्या दरात जेवण. संसदेत कायदा संमत झाला तेव्हा त्या दोन्ही गळल्या होत्या. पुढे सामुदायिक स्वयंपाकघरांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, पण २२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने तशी योजना राबवण्याचा आदेश द्यायला नकार दिला. कायदा आणि इतर योजना आहेत, पर्याय सरकारने शोधावेत, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे घरातल्या बाईचा अन्नाचा हक्क कायद्यात आला आणि घराबाहेरच्या बाईचा सरकारच्या मर्जीवर राहिला. माझ्या मते आजच्या सगळ्या अडचणींचे मूळ त्या वगळलेल्या दोन तरतुदींत आहे.

कंट्रोलच्या दुकानापुढे

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. विदर्भात रेशन दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणतात. कंट्रोलवाल्याच्या ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकला, की कार्डावरच्या कुटुंबाचा कोटा पडद्यावर येतो. घरातून काढून दिलेल्या बाईचे नाव सासरच्या कार्डात असते. तिच्या वाट्याचे ५ किलो दर महिन्याला त्याच घरात जातात. स्वतंत्र कार्ड काढायचे, तर आधी जुन्या कार्डातून नाव कमी झाले पाहिजे आणि त्यासाठी कार्ड हाती असलेल्या माणसाने सहकार्य केले पाहिजे. ज्याने घराबाहेर काढले, त्याच्याच सहीची वाट पाहायची, असा हा प्रकार.

‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत महाराष्ट्र आणि गुजरात ही २०१९मधल्या पहिल्या जोड्यांपैकी एक होती. त्यामुळे कार्डात नाव असलेली व्यक्ती आपल्या आधारवर कोणत्याही दुकानातून धान्य उचलू शकते. ही सोय मोठी आहे आणि ती बायकांना सांगितली गेली पाहिजे. पण कोटा कुटुंबाचा असल्याने आधी पोचेल तो उचलेल. घरच्यांनी महिन्याचे सगळे धान्य नेलेले असेल, तर यंत्र तिला रिकाम्या हाताने परत पाठवते.

वर्धा जिल्ह्याचा आणखी एक वेगळा धागा आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५पासून स्वस्त धान्य मिळत होते. २०२३मध्ये धान्य बंद करून माणशी दरमहा १५० रुपये थेट खात्यात देण्याचे ठरले, पुढे ते १७० झाले. हा लाभ शेतकऱ्यासाठी आहे, म्हणजे सातबारा लागतो. आणि सातबारा कुणाच्या नावावर असतो? महिला किसान अधिकार मंच, म्हणजे ‘मकाम’ने विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांचा अभ्यास २०१८मध्ये मांडला. त्यांतल्या ४० टक्के स्त्रियांच्या नावावर शेतजमीन झालेली नव्हती आणि राहत्या घराचा हक्क जेमतेम ३५ टक्क्यांना मिळाला होता. नवरा गेला, जमीन दिराकडे राहिली आणि जमिनीला बांधलेला शिधाही तिकडेच गेला, ही साखळी अशी तयार होते. उद्याची बेघर बाई आज याच घरांत असते.

शिवाय सगळे मिळालेच असे धरले, तरी महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम कोरडे धान्य. ते दळायचे कुठे, शिजवायचे कशावर, उंदरा-घुशींपासून राखायचे कसे? अंगणवाडीच्या घरपोच आहाराचेही तेच. गरोदर बाईसाठी दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळावीत हा निकष चांगला आहे, पण पाकिटातले पीठ शिजवायला चूल लागते. त्यात जुलै २०२५पासून आहार देताना चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले. आज या गावात, उद्या त्या स्टेशनवर असलेल्या गरोदर बाईची नोंद कोणत्या अंगणवाडीत असेल? कायदा ‘प्रत्येक’ गरोदर स्त्री म्हणतो. व्यवस्था नोंद असलेली स्त्री शोधते.

शिजलेले ताट

म्हणून बेघर बाईसाठी शिध्यापेक्षा ताट महत्त्वाचे. १९९५ साली शिवसेना-भाजप युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर केंद्रे सुरू केली. कल्पना गरिबांच्या जेवणाची होती, पण अनेक ठिकाणी केंद्रासाठी मिळालेल्या जागाच महत्त्वाच्या ठरल्या आणि काही वर्षांत ती योजना बंद पडली.

२६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी आली. १० रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. सरकार शहरी भागात थाळीमागे ४० रुपये आणि ग्रामीण भागात २५ रुपये केंद्रचालकाला देणार, अशी मांडणी. टाळेबंदीत थाळी आधी ५ रुपयांना आणि २०२१मध्ये काही महिने मोफत होती. त्या दिवसांत या थाळीने किती पोटे जगवली, हे ज्यांनी रांगा पाहिल्या त्यांना वेगळे सांगायला नको. कार्ड नाही, पत्ता नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. समोर आलेल्या माणसाला ताट. बेघर बाईच्या दृष्टीने महाराष्ट्रातली ही सर्वांत जवळची सरकारी योजना.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. जेवण दुपारचे, तेही ठरलेल्या दोन-तीन तासांत. रात्रीचे काहीच नाही. रांगेत बहुतेक पुरुष, त्यामुळे लेकरू घेतलेली एकटी बाई कडेला उभी राहते आणि थाळ्यांची ठरलेली संख्या संपते. जेवणाऱ्याचा फोटो काढण्याची पद्धत हिशेबासाठी ठीक असेल, पण मार खाऊन पळून आलेल्या बाईला आपला फोटो कुठे जाईल याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. आणि अलीकडच्या काळात केंद्रचालकांची देयके महिनोन्‌महिने थकल्याच्या बातम्या राज्यभरातून आल्या. केंद्र चालवणारे अनेकदा महिला बचत गटच असतात. गरीब बायांनी उधारीवर किराणा आणून गरिबांना जेवू घालावे आणि सरकारने पैसे थकवावेत, हे कुठल्याही पक्षाच्या राज्यात लाजिरवाणेच.

पिपरी मेघेसारख्या गावात आणखी एक पेच आहे. जनगणनेच्या भाषेत हे शहर, कारण इथली लोकसंख्या, दाटी आणि बिगरशेती कामधंदा शहरासारखा. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. बाजार वर्ध्याचा, भाजीचे भाव वर्ध्याचे, घरभाडे वर्ध्याच्या तोडीचे, पण योजनेच्या कागदावर गाव ग्रामीण. मग थाळीचे अनुदान ४० ऐवजी २५ आणि नागरी योजना नगरपालिकेच्या हद्दीशी थांबतात. शहरांच्या कडेला वाढलेल्या अशा गावांमध्येच मोलकरणी, बांधकामावरच्या मजूर बाया आणि भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या बाया जास्त असतात.

इतर राज्यांनी काय केले? तमिळनाडूत २०१३पासून अम्मा उणवगम सुरू आहे. तिथे सकाळी एक रुपयाला इडली मिळते आणि चेन्नईतल्या उपाहारगृहांचा स्वयंपाक बचत गटांच्या बाया करतात. कर्नाटकात २०१७पासून इंदिरा कँटीन आहे. तिथे न्याहारी, दुपारचे आणि रात्रीचे अशी तिन्ही जेवणे मिळतात. ओडिशात ‘आहार’ केंद्रे ५ रुपयांत जेवण देतात. महाराष्ट्राने यांच्याकडून रात्रीचे जेवण तरी उचलावे.

हातात पैसे

अन्नाऐवजी पैसे हा दुसरा मार्ग. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०पासून आहे. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार स्त्रिया तिच्यात येतात आणि आता महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, म्हणजे दिवसाला ५८ रुपयांहून कमी. शिवाय राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य, तहसीलचा दाखला, बँकेचे खाते. जून २०२४मध्ये बायांच्या खात्यात पैसे देणारी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांचा उल्लेख तिच्या शासन निर्णयात आहे, हे चांगले झाले. मात्र २०२५मध्ये ई-केवायसी करताना पतीचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला आणि नवरा सोडून गेलेल्या, वडील नसलेल्या बाया अडकल्या. ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. एकट्या बाईचा विचार योजना आखताना आधी व्हायला हवा होता. तो तक्रारी आल्यावर झाला.

महिन्याचे १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये हातात असणे मोलाचे आहे. त्यातून मुलाला दूध येते, औषध येते. पण फलाटावर झोपणाऱ्या बाईच्या ओच्यातले पैसे रात्री टिकतीलच असे नाही. पैसा घरातल्या बाईला बळ देतो. घर नसलेल्या बाईला त्याआधी ताट आणि अंथरूण हवे.

अन्नाच्या वाटेने निवाऱ्यापर्यंत

निवाऱ्याचे निकष आहेत. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख लोकवस्तीमागे १०० जणांची सोय असलेले, चोवीस तास उघडे निवारे सांगितले होते आणि स्त्रियांसाठी वेगळे निवारेही त्यात होते. २०११ साली वर्धा नगरपालिकेची लोकसंख्या १,०६,४४४ होती. त्या हिशेबाने शहरात किमान शंभर जणांची सोय हवी. शेजारच्या ग्रामपंचायतींना मात्र हा निकषच लागू होत नव्हता. संकटातल्या स्त्रीसाठी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहेत, तिथे काही दिवसांचा तात्पुरता आसरा मिळतो. पुढच्या मुक्कामासाठी शक्ती सदन आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तर तिला राहत्या घरातच राहण्याचा हक्क दिला आहे. पण भुकेली, थकलेली, मार खाल्लेली बाई आपण होऊन या दारापर्यंत चालत जाईल, असे समजणे हे कार्यालयात बसून केलेले गणित आहे. ती आधी जाते तिथे अन्न असते. स्टेशन, देऊळ, दवाखान्याचे आवार.

आणि तिथे तिची गाठ कायद्याशी पडते ती वेगळ्या रीतीने. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा भीक मागणे गुन्हा ठरवतो आणि माणसाला वर्ष ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची मुभा देतो. रेल्वे कायद्याचे कलम १४४ गाडीत आणि स्टेशनवर भीक मागायला मनाई करते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये या भिक्षा कायद्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात ती कायम राहिली. ज्या कृतीने सिंधुताई आणि त्यांची लेक जगली, ती कृती आजही आपल्याकडे गुन्हा आहे. पद्मश्रीचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याला हे शोभत नाही.

अन्नापासून सुरुवात करून निवाऱ्यापर्यंत पोचलेली एक वाट पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य रस्त्यावरच्या निराधारांना घरून जेवणाचे डबे नेऊन देत असे. त्या कामात त्यांना मनोरुग्ण बायांची दशा दिसली. भुकेने काहीही तोंडात घालणाऱ्या, रात्री अत्याचार सोसणाऱ्या, त्यातून गर्भार राहिलेल्या बाया. डबा देऊन परत यायचे आणि रात्री तिला तिथेच सोडायचे, हे त्यांच्याने होईना. त्यातून माउली सेवा प्रतिष्ठान उभे राहिले. आज तिथे शेकडो बाया आणि त्यांची मुले राहतात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. तिथून पुढे माणसाला नेणाऱ्या अशा संस्था मात्र हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच.

सिंधुताईंची वाटही हीच. वाटून खाल्लेल्या भिकेतून पुढे चिखलदरा, मांजरी, सासवडजवळचे कुंभारवळण आणि वर्धा इथे संस्था उभ्या राहिल्या. वर्ध्यातल्या बालभवनाला त्यांनी वडिलांचे, अभिमान यांचे नाव दिले.

वाढणारे हात कुणाचे

मदत घेणारी बाई कायम मदत घेणारीच राहावी, असे कुणालाच वाटत नाही. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गिरणी कामगारांना डबे करून देणाऱ्या खानावळवाल्या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, सावकाराच्या तावडीतून सोडवले आणि निराधार स्त्रियांना काम व आसराही दिला. पेरू देशात लिमाच्या गरीब वस्त्यांतल्या बायांनी १९७०च्या दशकाच्या शेवटापासून सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली. १९८४मध्ये तिथल्या नगरपालिकेने मुलांसाठी दुधाची योजना आणली, ती या बायांच्याच समित्यांवर सोपवली. जिथे स्वयंपाक, हिशेब आणि वाढणे बायांच्या हाती असते, तिथे एकटी बाई न घाबरता ताटाशी येते.

वर्धा जिल्ह्यात बचत गटांचे जाळे दाट आहे. शाळेतला आहार शिजवणारे, खाणावळी आणि थाळी केंद्रे चालवणारे गट इथे आहेत. त्यांना वेळेवर पैसे मिळाले, तर निवाऱ्यातल्या बाईला स्वयंपाकघरात रोजगार देणे अवघड नाही.

काय करता येईल

पहिले, अन्नसुरक्षा कायद्यातून गळलेल्या तरतुदी परत आणाव्यात. बेघर आणि निराधार माणसाला शिजलेल्या जेवणाचा कायदेशीर हक्क राज्य सरकार स्वतःच्या कायद्याने देऊ शकते.

दुसरे, शिवभोजनाला रात्रीचे जेवण जोडावे, स्टेशन आणि मोठ्या रुग्णालयांजवळ बायकांसाठी वेगळी रांग ठेवावी, फोटोची अट त्यांच्यापुरती काढावी आणि केंद्रांची देयके दरमहा द्यावीत. शहरालगतच्या पिपरी मेघेसारख्या गावांना शहरी दर लावावा.

तिसरे, रेशनकार्डासाठी ‘सखी’ केंद्राचा, निवाऱ्याचा किंवा अंगणवाडीचा पत्ता चालावा आणि बाईच्या स्वतःच्या अर्जावर तिचे नाव सासरच्या कार्डातून वेगळे व्हावे. हे अशक्य नाही. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ओळखीच्या पुराव्याचा आग्रह न धरता शिधा द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये दिला होता, आणि त्यासाठी एड्स नियंत्रणाच्या यंत्रणेकडच्या याद्या वापरता आल्या.

चौथे, मोजणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ही पाहणी घरोघरी झाली, घर नसलेल्या बाया तिच्यात नाहीत. २०११च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार बेघर मोजले, तेही एका रात्रीत. रात्री लपून राहणारी बाई अशा मोजणीत सापडत नाही. फेब्रुवारी २०२७मध्ये ठरलेल्या जनगणनेत बेघरांच्या मोजणीसाठी अंगणवाडी सेविका आणि स्थानिक संस्थांना सोबत घ्यावे.

पाचवे, ग्रामपंचायत. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करणे ग्रामपंचायतींना बंधनकारक आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. त्या सभेत एक साधा प्रश्न विचारता येतो: गावात कुणा बाईच्या घरी आज चूल पेटली नाही? ज्या गावाने सिंधुताईंना जन्म दिला, त्या गावाने हा प्रश्न दर सभेत विचारावा आणि त्या १० टक्क्यांतून एकट्या बाईसाठी रोजचे एक जेवण आणि एक सुरक्षित खोली राखून ठेवावी. त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

वाचकाकडेही मागणे आहे. रस्त्यावर, स्टेशनवर एकटी बाई दिसली तर पाच रुपये टाकून पुढे जाऊ नका. जेवली का, विचारा. शक्य असेल तर समोर बसवून जेवू घाला. तिची तयारी असेल, तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावून द्या आणि माणूस येईपर्यंत थांबा. रेशन नाकारले गेले असेल, तर १९६७वर तक्रार नोंदवायला मदत करा. आपल्या घरकामाच्या बाईचे नाव कोणत्या कार्डात आहे, तिचा वाटा कोण उचलतो, एवढे तरी विचारून पाहा. बाई बेघर होण्याआधी तिचा वाटा तिच्या हाती आला, तर फलाटापर्यंत जाण्याची वेळ तिच्यावर येणारच नाही.